सदर उपकरणास कोणीही हात लावलेला नाही

"सदर उपकरण खरेदीच्या दिवसापासून आजतागायत मूळ खोक्यात, मूळ स्थितीत व बंद अवस्थेत असून, घरातील अन्य कोणाही व्यक्तीस त्याचा ठावठिकाणा माहीत नाही, सबब त्यास कोणीही हात लावलेला नाही."

हे विधान नोटरीसमोर, दोन साक्षीदारांच्या उपस्थितीत, निळ्या शाईने सही करून केलेले आहे. सही करणारे गृहस्थ नकाशांच्या अभिलेखागारात सव्वीस वर्षे सूचिकार आहेत. एखाद्या नकाशाची रुंदी अर्ध्या सेंटिमीटरने चुकीची छापली गेली, तर शुद्धिपत्र निघेपर्यंत ज्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, अशांपैकी ते एक. अशा माणसाच्या एका वाक्यात किती असत्ये दाटीवाटीने बसू शकतात, हे पाहण्यासारखे आहे. उपकरण मूळ खोक्यात होते, एवढे मान्य. मूळ स्थितीत ते नव्हते, कारण त्याच्या एका खटक्याशेजारी पेन्सिलीने बारीक रेघ ओढलेली होती. बंद अवस्थेतल्या या उपकरणाला चौदा महिन्यांत एकोणीस बॅटऱ्या लागल्या होत्या. घरात अन्य व्यक्ती एकच होती, आणि तिला त्याचा ठावठिकाणा खुद्द सूचिकारांपेक्षा चांगला ठाऊक होता. 'सबब' या शब्दाविषयी काय बोलावे? ज्या वाक्यातली कारणे पोकळ असतात, त्यातच तो सर्वात ऐटीत बसलेला आढळतो.

हे सारे घडले कसे, हे सांगायचे तर खालच्या उजव्या दाढेपासून सुरुवात करावी लागते.

चौदा महिन्यांपूर्वी त्या दाढेच्या तक्रारीवरून सूचिकार दंतवैद्यांच्या खुर्चीत आडवे झाले होते. तोंडात कापसाचे दोन बोळे, लाळ ओढणारी नळी आणि वर प्रखर दिवा. अशा अवस्थेतील माणसाशी गप्पा मारण्याची दंतवैद्यांना विशेष हौस असते, कारण तिथे मतभेदाला वाव नसतो. हे दंतवैद्य सुट्टीच्या दिवशी गिटार वाजवत, आणि उत्पादन बंद झालेली, संग्राह्य ठरलेली इफेक्ट पेडल गोळा करणाऱ्यांच्या एका मंडळाचे ते खजिनदारही होते. पेडल म्हणजे साबणाच्या वडीहून थोडी मोठी लोखंडी डबी. ती गिटार आणि स्पीकर यांच्या मध्ये जमिनीवर ठेवायची आणि पायाने दाबायची. मग ती आवाजाला जाडा करते, थरथरवते, किंवा आणखी काही अत्याचार करते. दंतवैद्य अकरा वर्षे ज्या डबीच्या मागावर होते, ती आत गेलेला आवाज दोन सेकंदांनी पुन्हा ऐकवत असे. तिच्यातला एक सुटा भाग बनवणारा कारखानाच बंद पडल्याने कंपनीने काही शे नग काढून हात टेकले होते. दंतवैद्यांनी तिचा रंग सांगितला, खटक्यांची संख्या सांगितली आणि किंमतही सांगितली. किंमत सूचिकारांच्या आठ महिन्यांच्या पगाराएवढी होती.

"कुठल्यातरी बावळटाच्या घरी पडलेली असणार बघा," दाढ कोरता कोरता दंतवैद्य म्हणाले, "आणि त्याला पत्ताही नसणार."

बावळट खुर्चीतच होता. लग्नाआधी दोन वर्षे सूचिकार एका हौशी वाद्यवृंदात, रंगमंचाच्या अगदी डाव्या टोकाला, गिटार धरून उभे राहत, आणि पहिल्या पगारात त्यांनी हीच डबी घेतली होती; ती खोक्याबाहेर निघण्याआधीच वाद्यवृंद सुटला. त्यांनी बोलण्याचा प्रयत्न केला. "आँ," असा आवाज निघाला. दंतवैद्यांनी दुखतेय का असे विचारून सुन्न करणारी आणखी एक सुई टोचली. चूळ भरण्याची वेळ येईपर्यंत सूचिकारांची जीभ बधिर आणि बुद्धी मात्र तल्लख झाली होती. डबी विकायची, पण आज नाही. योग्य वेळी विकायची. आणि योग्य वेळ कोणती, हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस आपल्याच जबड्यात हात घालून उभा आहे.

पैशाची ही हाव नव्हती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. सूचिकारांच्या आयुष्यात मोल असलेली वस्तू एकच होती: नकाशांच्या वर्णनात्मक सूचीचा तिसरा खंड. पहिला छापला गेला, दुसरा अकरा पानी शुद्धिपत्रासह छापला गेला, आणि तिसऱ्याच्या वेळी संचालकांचे पत्र आले: 'प्रस्तुत खंड विद्वत्तापूर्ण आहे याविषयी दुमत नाही, तथापि मुद्रणासाठी तरतूद नाही.' त्याच महिन्यात संचालकांच्या दालनाला नवे पडदे लागले. त्या दालनाला खिडकी एकच आहे, पडदे चार. सूचिकारांनी याविषयी एक अक्षरही उच्चारले नाही. पडद्यांची लांबी-रुंदी मात्र टिपून ठेवली. पुढच्या वर्षअखेरीस ते निवृत्त होणार होते. त्यानंतर बारा वर्षांच्या श्रमाची ती टंकलिखित प्रत तळघरात 'अवर्गीकृत' असा शिक्का मारलेल्या कपाटात जाणार होती, आणि त्या कपाटात गेलेले काहीही पुन्हा उजेडात आल्याची नोंद नाही. अभिलेखागारातल्या नोंदी तेच ठेवत असल्याने हे त्यांना पक्के माहीत होते.

छापखानेवाल्यांनी खंडाचा खर्च दहा महिन्यांच्या पगाराएवढा सांगितला. सूचिकारांनी आलेखकागद घेतला. छपाईच्या खर्चाची तांबडी रेघ, डबीच्या किमतीची निळी. निळी तांबडीला ओलांडून वर जाईल, त्या दिवशी विक्री. यात भावनेला जागा नव्हती, दैवालाही नव्हती. डबी मूळ खोक्यात होती. तो खोका त्यांनी 'जुनी बिले व पावत्या' अशी चिठ्ठी लावलेल्या मोठ्या पेटीत दडवला. या पेटीत कोणी डोकावणार नाही, अशी त्यांची खात्री होती. घरातली बिले कोण भरते आणि पावत्या कोण लावते, हा प्रश्न त्यांच्या मनात आला नाही. तो संशोधनाचा विषय नव्हता. दर महिन्याच्या एक तारखेला ते पेटीचे झाकण उचलत, खोक्याकडे हात मागे बांधून पाहत आणि वहीत 'स्थिती: उत्तम' अशी नोंद करत. खोका उघडण्याचा प्रश्नच नव्हता. अस्पर्शित वस्तूला भाव येतो, असे दंतवैद्यच म्हणाले होते.

निळी रेघ काढायची तर दरमहा भाव कळायला हवा, आणि भाव फक्त दंतवैद्यांना ठाऊक. त्यामुळे सूचिकार दर महिन्याला दात दाखवायला जाऊ लागले. पहिल्या खेपेस दात साफ करून घेतले. दुसऱ्या खेपेस एका निरुपद्रवी खड्ड्यात चांदी भरून घेतली. चौथ्या खेपेस, "ती तुमची डबी मिळाली का हो?" हा प्रश्न सहजपणे विचारता यावा म्हणून त्यांनी एका धडधाकट दाताविषयी संशय व्यक्त केला, आणि दंतवैद्य कर्तव्यदक्ष असल्याने त्यांनी त्या दाताचे मूळ गाठले. सहाव्या महिन्यात एक अक्कलदाढ गेली. ती तशीही काही कामाची नव्हती, असे सूचिकारांनी घरी सांगितले. पत्नीने रात्री भात मऊ शिजवला. बाजारभाव कळवणारी वर्तमानपत्रे वाचकांकडून दाढा मागत नाहीत, हे खरे. पण निळी रेघ चढत होती, आणि सूचिकारांचा निर्धार एका दाढेने ढळणारा नव्हता.

सल्ला घेताना त्यांनी पुरेपूर सावधगिरी बाळगली. खालच्या मजल्यावर शेअरवाले काका राहत. "समजा, एका परिचिताकडे एक जुनी वस्तू आहे," अशी सुरुवात करून सूचिकारांनी त्यांच्यापुढे प्रश्न मांडला. शेअरवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विकावेसे वाटते तेव्हा कधीच विकू नये, विकावेसे वाटेनासे होईल तेव्हा विकावे, असे सांगितले. हे वाक्य सूचिकारांनी घरी येऊन तीन वेळा लिहून पाहिले. दर वेळी त्याचा अर्थ थोडा कमी झाला. समोरच्या विमावाल्या बाईंचे मत नेमके उलट. आजच्या आज विका, उद्या घरात पाणी शिरले तर काय कराल, असा त्यांचा सवाल. सूचिकार चौथ्या मजल्यावर राहतात, हे त्यांच्या निदर्शनास आणून दिल्यावर त्या म्हणाल्या, "पाणी काय मजला विचारून येतं होय?" आणि त्यांनी विम्याचा अर्ज पुढे केला.

आठवड्याभरात इमारतीत सर्वांना तो परिचित कोण हे कळले, वस्तू कोणती ते मात्र कळले नाही. आणि ज्ञानाची रिकामी जागा समाज ज्या तत्परतेने भरून काढतो, त्याच तत्परतेने ती भरली गेली. शेअरवाल्यांच्या बायकोने सूचिकारांच्या पत्नीला जिन्यात गाठून, दागिने काढताय म्हणे, अडचण असेल तर सांगा, असे हळू आवाजात सांगितले. पत्नी म्हणाली, "दागिने नाहीत हो. डबी आहे." शेअरवालीणबाईंनी समजूतदारपणे मान हलवली. दागिने डबीतच असतात.

नवव्या महिन्यात आपत्ती आली. कंपनी तीच डबी नव्याने काढणार, अशी वदंता पसरली, आणि निळी रेघ कोसळली. त्याच आठवड्यात कागद महागला आणि तांबडी रेघ चढली. शेअरवाल्यांनी फोन करून घट्ट धरून ठेवा असे सांगितले, विमावाल्या बाईंनी दारात येऊन मी म्हणत नव्हते का असे सांगितले. सूचिकारांनी दोघांचेही आभार मानले, आलेखाला दुसरा कागद डकवला आणि दाढी करून कार्यालयात गेले. मधल्या काळात तिसऱ्या खंडाची टंकलिखित प्रत त्यांनी अखेरची म्हणून वाचून काढली. ती आश्चर्यकारक शुद्ध झाली होती. दुसऱ्या खंडात अकरा पाने चुका होत्या. इथे शोधूनही सापडेनात. जागोजागी पेन्सिलीने आकडे दुरुस्त केलेले होते, इतके अचूक की ते आपणच केव्हातरी केले असावेत, असे त्यांनी ठरवले. वाढत्या वयाबरोबर माणसाची एकाग्रता वाढते, अशी टीपही त्यांनी वहीत केली.

बाराव्या महिन्यात नवी डबी बाजारात आली आणि ती ऐकून दंतवैद्यांना रडू यायचे बाकी राहिले. हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा आवाज, असे त्यांनी सांगितले. जुनीचा भाव एका उडीत दीडपट झाला. चौदाव्या महिन्यात, एका मंगळवारी, निळ्या रेघेने तांबडीला ओलांडले. सूचिकारांनी पेन्सिल खाली ठेवली, कोट चढवला आणि तोंडात काहीही घालू न देता दंतवैद्यांना सत्य सांगितले.

दंतवैद्यांच्या हातातले कोरणे बराच वेळ हवेत फिरत राहिले.

"चौदा महिने?" ते म्हणाले. "माझ्यासमोर बसून?"

"आडवा होऊन," सूचिकारांनी दुरुस्ती केली. "आणि पहिल्या दिवशी मी सांगणार होतो. आपणच माझ्या तोंडात कापूस घातला होता."

मंडळाचे नियम कडक होते. मंडळाच्या सभासदाला वस्तू विकायची, तर चौदा कलमांचा अर्ज, मूळ पावती आणि नोटरीसमोरचे घोषणापत्र हवे. पावती सूचिकारांकडे होती, अनुक्रमांकासह होती. नोटरीच्या छापील नमुन्यात वस्तूचे प्रकार तीनच होते: वाहन, पशुधन, स्वयंपाकघरातील उपकरण. सूचिकारांनी चौथा प्रकार हाताने लिहिण्याची विनंती केली. नोटरीच्या टंकलेखिकेने, इथे खाडाखोड चालत नाही असे सांगून, कायद्याच्या दृष्टीने ती डबी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. साक्षीदार म्हणून शेअरवाले आणि विमावाल्या बाई आल्या. त्या दोघांनी डबी आयुष्यात कधी पाहिली नव्हती. तिला कोणीही हात लावलेला नाही याची साक्ष देण्यास याहून लायक माणसे कोणती मिळणार? अशा रीतीने, आरंभी उद्धृत केलेले वाक्य अस्तित्वात आले.

रविवारी सकाळी दंतवैद्य तपासणीसाठी घरी आले. कपाळाला दिवा, हातमोजे, आणि खिशात दात पाहायचा तो लांब दांड्याचा छोटा आरसा. सूचिकारांनी पेटी आणली, खोका टेबलावर ठेवला आणि दोन पावले मागे सरले. दंतवैद्यांनी खोका उघडला. खटक्यांखाली आरसा सरकवून ते 'अं', 'हं' करत राहिले. पेन्सिलीची रेघ त्यांना दिसली. तिला त्यांनी क्षमा केली. मग त्यांनी तळाचे झाकण सरकवले आणि आतली चौकोनी बॅटरी चिमटीत धरून बाहेर काढली.

"साहेब, या बॅटरीवर गेल्या महिन्याची तारीख आहे."

सूचिकारांनी ती तारीख वाचली. कारखान्याकडून छपाईत चूक झाली असावी, असे मत त्यांनी व्यक्त केले. छपाईत चुका होतात, आणि शुद्धिपत्र काढण्याची सभ्यता फार थोड्यांकडे असते. दंतवैद्यांनी मोठ्या पेटीत आरसा घातला. तळाशी, टाचणीला लावलेल्या, तारखेनुसार रचलेल्या एकोणीस पावत्या होत्या. सगळ्या बॅटऱ्यांच्या.

सव्वीस वर्षे ज्याने दुसऱ्यांच्या नोंदी तपासल्या, त्याच्या घरातली सर्वात नीटनेटकी नोंद त्याने पाहिलेली नव्हती. सूचिकार खुर्चीत बसले. निळी रेघ डोळ्यांपुढून खाली घसरत गेली. तिच्याबरोबर तिसरा खंड, तळघर, कपाट आणि तो शिक्का.

पत्नी पाण्याचे पेले घेऊन आली. एके काळी त्याच वाद्यवृंदाची ती निवेदिका होती. रंगमंचाच्या उजव्या टोकाला, माइकसमोर. तिने टेबलावरच्या बॅटरीकडे पाहिले.

"ती काल घातली," ती म्हणाली. "आधीची संपली होती."

दंतवैद्यांनी विचारले, "वहिनी, म्हणजे ही चालते?"

तिने कपाटाच्या खालच्या खणातून जुना माइक आणि टिफिनएवढा स्पीकर काढला, सराईत हाताने तारा जोडल्या, खटका पेन्सिलीच्या रेघेवर आणला आणि माइकमध्ये म्हटले, "लांबी बासष्ट, रुंदी एकेचाळीस." दोन सेकंद गेले. लांबी बासष्ट, रुंदी एकेचाळीस, असे स्पीकर म्हणाला. थोडा हळू, पण एकही अक्षर न गाळता.

दंतवैद्यांनी कपाळावरचा दिवा विझवला. त्या अकरा वर्षांत त्यांनी अशा तीन डब्या कपाटांतून सोडवून विकत घेतल्या होत्या, आणि तिन्ही मुक्या निघाल्या होत्या. वर्षानुवर्षे वीज न मिळाल्याने आतले भाग सुकत जातात, आणि वेळीच वीज मिळाली तरच पुन्हा जागे होतात. "अस्पर्शितला भाव, असं मीही म्हणायचो. पण अस्पर्शित म्हणजे मेलेली हो," ते म्हणाले. "ही जिवंत आहे ती तुमच्यामुळे. मी भाव वाढवून देतो." निळी रेघ उभीच्या उभी वर गेली. मात्र बाराव्या कलमाला ते बांधलेले होते: घोषणापत्र खोटे ठरल्यास, नियमभंग करणाऱ्या व्यक्तीने स्वहस्ते, स्वतःच्या शब्दांत जबाब लिहून द्यावा, मालकाने त्यात एका अक्षराचाही फेरफार करू नये.

मजकूर आपण सांगतो, असे सूचिकार म्हणाले.

"मला लिहिता येतं," पत्नी म्हणाली.

ती टेबलाशी बसली. दंतवैद्य खिडकीशी डबी धरून खटके मोजत राहिले. पान भरत आले तेव्हा तिने लेखणी थांबवली आणि नवऱ्याला काहीतरी विचारले. सूचिकारांचे ओठ सवयीने एका अक्षरापुरते उघडले आणि मिटले. त्यांची नजर टेबलावरच्या त्या लहानशा स्पीकरकडे गेली. मग हळू आवाजात, शब्द मोजत, त्यांनी उत्तर दिले. तिने ते लिहून घेतले आणि खाली सही केली.

मंडळाच्या दप्तरात घोषणापत्राच्या मागे जोडलेला तो जबाब, कलम बारानुसार, जसाच्या तसा असा आहे:

"डबी मी वापरली. पावत्यांची पेटी मीच लावते, त्यामुळे ती पहिल्याच आठवड्यात सापडली. तिसऱ्या खंडाची प्रत तपासायचं काम माझ्याकडे आलं होतं. 'जरा नजर टाक,' एवढंच मला सांगितलं होतं. आकडे तपासायला दोन माणसं लागतात. एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने ते परत म्हणत मूळ नोंदीवर बोट ठेवायचं. मी दुसरं माणूस दोनदा मागितलं. दोन्ही वेळा ते 'हं' म्हणाले. मग मी डबी काढली. मी एकदा वाचायची, ती परत म्हणायची, तोवर मी मूळ नोंद बघायची. ते कामावर गेले की रोज तीन तास. चारशे सतरा चुका निघाल्या, त्या मी पेन्सिलीने दुरुस्त केल्या. काम चार महिन्यांपूर्वीच संपलं. त्यानंतरही मी डबी लावत होते, हे मी लपवत नाही. किराणा काय आणायचा, लाइटबिल किती आलं, असलंच काहीतरी बोलायची. या घरात मी बोललेलं कोणीतरी पूर्ण ऐकतं, असं वाटायचं. खंड छापून झाला पाहिजे, त्यावर माझीही वर्षं गेली आहेत. पण आत्ता मी त्यांना विचारलं, डबी गेल्यावर तिचं काम कोणी करायचं. ते म्हणाले, 'डबी गेल्यावर तिचं काम कोणी करायचं.' एक अक्षर गाळलं नाही. विकायला माझी हरकत नाही."